सोडलेलं जांभूळ

बदलापूरच्या जांभळाला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी मी मोबाइलवर वाचली आणि कुकर उतरवायला उठले. वडील जाऊन थोडेच महिने झाले होते. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या की तो आपला वाटत नाही, तशी मी सबंधच झाले होते.

वडिलांनी नोकरी केली अंबरनाथच्या कारखान्यात, पण जीव लावला तो गावच्या विहिरीजवळच्या जांभळांना. जांभळाची फांदी ठिसूळ, म्हणून ते शिडी लावून घोस हातानं उतरवायचे. खाली पडलेलं फळ विकायचं नाही, हा नियम. हंगामातलं पहिलं फळ देवापुढे, दुसरं त्यांच्या तोंडात. डोळे मिटून खायचे, बी थुंकायचे आणि निकाल द्यायचे, ‘यंदा गोड’ किंवा ‘यंदा तुरट’. तो लागल्याशिवाय आई विकायची पाटी भरत नसे. गिऱ्हाइकालाही ती तोच निकाल सांगायची, तुरट तर तुरट. धंदा कसा करू नये याचा हा नमुना होता, तरी गिऱ्हाइकं टिकून होती.

तेराव्याच्या दिवशी आईनं त्यांच्या नावानं जांभूळ सोडलं. माणूस गेलं की आमच्याकडे काहीतरी खायचं सोडतात. काकीनं कारलं सोडलं, जे ती एरवीही खात नव्हती. आईचं तसं नव्हतं. आपण सोडतो ते त्यांना पोचतं, असं तिचं म्हणणं. आपण खाल्लं तर त्यांच्या तोंडचं काढून घेतलं.

मे महिन्यात झाडं लगडली तरी पाटी तशीच उपडी होती. मी विचारलं नाही. तेवढ्यात शिरगावच्या मैदानात मानांकनाचा कार्यक्रम ठरला, जुन्या बागायतदारांचा सत्कार. आई जाणार नाही असं मला वाटलं. ती म्हणाली, “झाडां तेंची. नाव पुकारतील ना माइकवर? मंग जायचा.”

नाव पुकारलं. आईनं पदर सारखा केला आणि स्टेजवर गेली. शाल झाली, नारळ झाला. पण हल्ली सत्कारमूर्तीच्या तोंडात काहीतरी कोंबल्याशिवाय फोटो होत नाही. पाहुण्यांनी द्रोणातलं टपोरं जांभूळ उचललं आणि “पहिला मान ताईंचा” म्हणत तिच्या ओठांशी धरलं. फोटोवाला ओरडला, “मावशी, इधर देखो, तोंड उघडा!” आईनं माझ्याकडे बघितलं. उठायला हवं, हे मला कळत होतं. पाय उठले नाहीत. तिनं तोंड उघडलं.

टाळ्या झाल्या, भाषण सुरू झालं. वारसा, रोजगार, निर्यात. असं गोड जांभूळ जगात नाही, असंही पाहुणे म्हणाले. त्यांच्या मागे आई एक गाल फुगवून बसली होती. चावत नव्हती, गिळत नव्हती. लोकांना वाटलं असेल, दाढ दुखते. खाली बसलेल्या आम्हालाही गावच्याच जांभळांचे द्रोण वाटले होते. माझ्या मांडीवरच्या द्रोणातलं एकेक मी खात होते, समोर होतं म्हणून. चव लागत नव्हती.

भाषण संपताच ती मांडवामागे गेली. मी द्रोण आणि पाण्याची बाटली घेऊन मागोमाग. तिनं ओंजळीत जांभूळ काढलं. अख्खं होतं, साल जरा फाटली होती. खळखळून चुळा भरल्या आणि लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढून दाखवली.

“जांभली झालीय?”

झाली होती. “नाही,” मी म्हणाले.

“खोटा बोलू नको. रस गेला असंल. तेवढा तेंना कमी.”

मग तिची नजर माझ्या तोंडावर गेली. ओठ, दात, बोटं, सगळं जांभळं. आता चिडेल असं वाटलं.

“कशी हायत?” तिनं विचारलं.

“काय माहीत.”

“द्रोणभर खाल्लीस, न काय माहीत?” ती माझ्या द्रोणात बघत राहिली. “यंदा कोणी सांगितलाच नाय मला. पाटी कशी भरू?”

तेव्हा मला कळलं, ती इतके दिवस कशासाठी थांबली होती. तिनं माझ्या द्रोणातलं एक जांभूळ घेतलं, नव्या शालीला पुसलं आणि माझ्या तोंडाशी धरलं.

“डोले मिट.”

मी डोळे मिटले. हळू खाल्लं, बी थुंकली. जिभेच्या कडा आवळून आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला कशाची तरी चव लागली.

“तुरट,” मी म्हणाले. “यंदा तुरट आहे, आई.” आणि मला रडू फुटलं.

तिनं मला रडू दिलं. मग माझ्या हातातला द्रोण काढून घेतला.

“मंग तसाच सांगू,” ती म्हणाली.