फोनवर घातलेली खूण

फोनला कुलूप घालायची मला कधी हौस नव्हती. वाईत मी ब्लाऊज शिवते. माझ्या फोनात असून असून काय असणार? गिऱ्हाइकांच्या गळ्यांचे फोटो, नाहीतर "ताई, झालं का?" असे मेसेज. पण आमच्या आबांना ते पटेना.

दिवाळी झाली की आमची माणसं वडूजकडून मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. वाटेत वाईजवळ कुणाच्या तरी रानात तळ पडतो. रानाला खत मिळतं आणि मला घरबसल्या माहेर मिळतं. आई गेल्यापासून भाऊ बिऱ्हाड घेऊन पुढे चालतो आणि आबा कळपामागं असतात. त्या खेपेला मी पिठलं-भाकरी बांधून तळावर गेले, तर आबांनी माझा फोन हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला.

"ह्याच्यावर खूण कुठाय?"

"कसली खूण?"

"आपली. बिनखुणंचं मेंढरू कुणीबी आपल्या कळपात हाकतंय. उद्या कुणी उचलला तर माझा हाय म्हणून कशावरनं सांगशील?"

मला हसू आलं. म्हटलं, घाला मग तुमच्याच हातानं. पडद्यावर नऊ ठिपके आणून दिले. आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूची विळ्यासारखी खूण असते, सरळ दांडा आणि खांद्याजवळ वळलेलं टोक. आबांनी जाड बोटानं ठिपके जोडत तीच काढली. फोननं परत काढायला सांगितलं, त्यांनी परत काढली. "लय भित्रं जनावर दिसतंय, दोनदा इचारतंय," म्हणाले. मी भाकरी वाढत होते, नीट बघितलंही नाही. मग फोननं बोटाचा ठसा मागितला, तो मी माझा दिला. तेव्हापासून बोट टेकवलं की फोन उघडायचा. खूण काढायची वेळच आली नाही.

त्याच दुपारी मी त्यांच्या बटणांच्या फोनात नवीन सिम घालून दिलं, कारण जुनं बंद पडलं होतं. आबांना लिहिता-वाचता येत नाही आणि फोन लावताही येत नाही. वाजला की हिरवं बटण दाबायचं, एवढंच त्यांना जमतं. त्यामुळे रोज संध्याकाळी मीच लावायची आणि "जेवलासा का?" विचारायची. ते "व्हय" म्हणायचे, की माझा दिवस संपला.

मग ती सकाळ आली. रात्री लाईट गेली होती आणि फोन चार्जिंगला लावलेला तसाच मरून पडला होता. लाईट आल्यावर चालू केला, बोट टेकवलं, तर तो ऐकेना. बंद होऊन चालू झालाय, आधी खूण काढा, म्हणाला. मी काढली. चूक. परत काढली. चूक. वैताग आला, फोन मशीनवर आपटला आणि कामाला लागले. म्हटलं, बघू दुपारी.

थोड्या वेळानं शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांचा चेहरा बघूनच माझा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला.

"अगं, तुझे वडील मेंढरं घेऊन वरच गेलेत ना? महाबळेश्वरच्या पलीकडच्या घाटात पहाटे ट्रक घुसलाय कळपात. एका म्हाताऱ्या मेंढक्याला दवाखान्यात नेलंय म्हणे. नाव नाही कळलं."

फोन उचलला आणि खूण काढली. चूक. मग टोक जरा लांबवून काढली. मग दांडा मधल्या ठिपक्यांवरून नेला. फोननं तोंड बंद केलं, थोडं थांबा म्हणाला. थांबले. परत काढली, परत चूक, आणि आता आधीपेक्षा जास्त थांबा. माझ्या बोटाला इतका घाम सुटला होता की ते पडद्यावर सरकेना. ज्या खुणेची मेंढरं बघत मी लहानाची मोठी झाले, तीच मला काढता येईना. स्वतःच्या हाताचा असा राग मला कधी आला नव्हता.

काकूंनी त्यांचा फोन पुढं केला. "माझ्यावरनं लाव की."

लावणार कुठं? आबांचा नंबर नवा, माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता. भावाचा नंबर, वडूजच्या आत्याचा नंबर, सगळे त्याच डब्यात बंद. पूर्वी आत्याचा नंबर तरी तोंडपाठ होता. आता कुणाचाच आठवत नव्हता.

चौकातल्या मोबाईलवाल्याकडे पळत गेले. त्यानं सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं, त्यात एकही नंबर नव्हता, म्हणून परत माझ्याच फोनात बसवलं. "सगळे फोनमध्येच साठवलेत ताई," म्हणाला. "खात्याचा पासवर्ड आहे का?" तो कुठला असायला. ज्या दुकानातून फोन घेतला तिथल्यानंच सगळं भरून दिलं होतं. "मग फॉरमॅट मारावा लागेल. फोन चालू होईल, पण आतलं सगळं जाईल." त्याची काही चूक नव्हती, पण मी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला. मला फोन चालू करून काय करायचा होता? मला आबा पाहिजे होते.

परत येताना मनात येत होतं, एसटी धरावी आणि जावं. पण जाऊन कुठल्या दवाखान्यात विचारायचं? आणि विचारलं, आणि कुणी मान हलवली तर? ट्रक भरधाव आला असेल तेव्हा आबा कळपाच्या मागं असणार, नेहमीसारखे, एखाद्या लंगड्या कोकराला पुढं हाकत. मला ते डोळ्यांपुढून हलवता येईना.

काकू जिन्यातच उभ्या होत्या. त्यांच्या ग्रुपवर फोटो आला होता. "बघ बाई, ओळखू येतंय का काही. तुमचीच असतील असं नाही."

रस्त्याच्या कडेला एक मेंढी आडवी पडली होती. मी फोटो मोठा केला. पाठीवर गेरू होता. नुसता गेरू कुणाचाही असतो, गेरूला काय. आणखी मोठा केला. सरळ दांडा आणि खांद्याजवळ वळलेलं टोक. मला वाटलं नसेल, सावली असेल. पण शेपटाकडे गेरू जाड साचला होता आणि मानेकडे जाता जाता विरळ होत गेला होता. टोकाला तर नुसती बोटं पुसल्यासारखी दिसत होती.

तेव्हा मला आबांचा हात आठवला. मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचं, गेरूत बोटं बुडवायची आणि शेपटाकडून मानेकडे ओढायची, लोकरीच्या उलट, म्हणजे गेरू आत मुरतो. मी सकाळपासून पाटीवर अक्षर काढावं तशी वरून सुरुवात करत होते, टोकाकडून. आकार बदलत राहिले, सुरुवात बदलायचं डोक्यातच आलं नाही.

फोन परत थांबायला सांगत होता. थांबले. मग खालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, नको उघडायला. ही खूण बरोबर निघाली तर ती मेंढी आमची, आणि तो म्हाताराही आमचाच. सरळ वर गेले, वळले, टोक खाली आणलं.

फोन उघडला. मी जिन्यातच बसले. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आबांचा नंबर दाबला आणि रिंग वाजत राहिली.

"हॅलो, कोण?" परकी बाई होती.

"हा फोन ज्यांचा आहे, त्यांची मुलगी," एवढं कसंबसं म्हटलं.

पलीकडे ती कुणाला तरी म्हणाली, "बाबा, आला बघा."

मग खरखर झाली आणि आबा बोलले. आवाज पार खोल गेला होता. "किती उशीर केलास गं. ह्या शिस्टरबाईंनी सकाळी लावला, तर तुझा बंद. म्हटलं, ऱ्हाऊ द्या, माझी लेक लावती. तवापासनं छातीवर ठिवून पडलोय."

मला रडूच आवरेना. "खूण उलटी काढत होते आबा. टोकाकडनं."

आबा म्हणाले, "शेपटाकडनं घालायची असती पोरी. तुझ्यासमोरच घालत आलोय की आयुष्यभर."

मांडीचं हाड मोडलं होतं. आत गज घातला, आबा काठीवर चालायला लागले, पण मेंढरांमागं परत गेले नाहीत. भाऊ आता डब्यातला रंग फवारतो, त्याला कुठून सुरुवात केली तरी चालतं. शेपटाकडून मानेकडे खूण घालणारी आमच्यात आता मी एकटीच उरले, तीही फोनवर. बोटाचा ठसा मी काढून टाकलाय. दरवेळी खूण घालते आणि फोन उघडेपर्यंत अजून जीव खाली-वर होतो.