आप्पांच्या राउटरची पंगत

आमच्या आप्पांना कुणी उभं दिसलं की राहवत नसे. "बठ, तठे बठ," म्हणून जागा दाखवायचे, आणि तीही आपल्या आवडीची नव्हे, त्यांनी ठरवलेली. शहाद्याकडच्या आमच्या गावात लग्न कुणाचंही असो, पंगत आप्पाच बसवणार. एकदा नवरदेवाच्या मामालाच त्यांनी उठवून दुसरीकडे बसवलं. मामा जेवणभर फुरंगटलेले आणि आप्पा आपले खुशाल वाढप्यांना हाका मारताहेत.

आप्पा माझे चुलतकाका. पपईची शेती, घरात दोघंच. वायफाय घेतलं ते काकूंसाठी. अर्धांगवायूनं त्यांचं बोलणं गेलं होतं आणि लेक, मंगलताई, पुण्याला. दिवेलागणीला ती टॅबवर दिसली की काकू तिच्याकडे बघत राहायच्या आणि मगच चार घास खायच्या. कॉल लागला नाही तर ताट तसंच परत यायचं. आप्पांचा सगळा जीव त्या एका कॉलात अडकलेला.

आणि तरी या बाबानं पासवर्ड अख्ख्या गल्लीला वाटलेला! मी रागावलो की म्हणायचे, "दारमा येल मानूसले नही कसं म्हनू?" शेजारच्या लग्नात तर कहरच झाला. वऱ्हाड आप्पांकडे उतरलं होतं. माइकवरून पंगतीला बोलावता बोलावता आप्पांनी वायफायचा पासवर्डही पुकारला. मंडपात टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी मंगलताईचा चेहरा टॅबवर यायचा आणि जायचा. काकूंनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आप्पा ताट धरून त्यांच्याजवळ नुसते बसून राहिले. मला ते बघवेना.

मी नंदुरबारला कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्या लग्नालाच आलो होतो. टॅब पाहिला आणि लक्षात आलं. वायफायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक वेगळा नंबर देतो; मंगलताईनं पुण्याला जाताना टॅबचा नंबर मात्र टॅबमध्येच हातानं भरून कायमचा केला होता. राउटरला त्याचा पत्ताच नाही. पाहुण्यांचे फोन जोडले जायला लागले तसा त्यानं तोच नंबर एका फोनलाही देऊन टाकला, आणि दोघांची ओढाताण सुरू झाली. आप्पांना हे सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला.

"म्हंजे एकच पाटवर दोन जन?"

खऱ्या पंगतीत चूक झाली असती तरी ते एवढे शरमले नसते.

मी राउटरमध्येच तो नंबर टॅबसाठी राखून ठेवला. पासवर्ड बदलायचं म्हटल्यावर मात्र आप्पा अडून बसले. पाहुणे घरात असताना दार लावायचं? लोक काय म्हणतील? मग मी समजावलं, की पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढू, तिथून घरातलं काही दिसणार नाही. हे त्यांना पटलं. आलेल्याला आपण ओट्यावर बसवतोच की! पाहुण्यांच्या वायफायचं नाव त्यांनी 'ओटा' ठेवलं, आपल्याचं 'घर', आणि 'घर'चा पासवर्ड मी बदलला. राउटरची सेटिंग उघडायचा, कंपनीकडून आलेला पासवर्डही मी बदलून टाकला. त्या संध्याकाळी कॉल नीट लागला आणि काकू जेवल्या. आप्पांनी डोळे पुसले, अगदी माझ्यासमोर.

त्यानंतर कॅमेरा घेतला, टीव्ही घेतला, की आप्पांचा मला फोन यायचा, याला कुठं बसवायचं म्हणून.

पुढं काकू गेल्या. टॅब कपाटात गेला. एकदा राउटर तपासताना मी सहज म्हटलं, आप्पा, टॅबचा नंबर आता मोकळा करतो. आप्पांनी मला हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. तिनी जागा शे ती. तठे कोनले बठाडू नको."

यंदा आप्पाही गेले. दिवसांना मंगलताई आली होती. ऑफिसचं काम करायला तिनं लॅपटॉप उघडला आणि मला पासवर्ड विचारला. ओट्याचाच दे, म्हणाली, मी आता इथली पाहुणीच.

मी तिला घरातला दिला.