नारळी पौर्णिमेची बादली

आमच्या तळघराचं दार उघडलं की समुद्राचा वास यायचा. ओल्या दगडांचा, शेवाळाचा, थोडा मिठाचा आणि थोडा माशांचा असा तो वास जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढून यायचा आणि तिथेच थबकायचा. कारण त्यापुढे माझ्या स्वयंपाकघराची हद्द सुरू व्हायची आणि तिथे फोडणीचं राज्य होतं. बाहेर मिनेसोटाचा हिवाळा, खिडकीच्या काचांवर हिमाची नक्षी, घरामागचं तळं गोठून पांढरंशुभ्र पडलेलं. पहाटे गाडी काढून दिवसभर कुठल्याही दिशेला हाकली तरी संध्याकाळपर्यंत खारं पाणी दृष्टीस पडणार नाही अशा या ईडन प्रेरीत माझा नवरा माधव तळघरात गुडघ्यांवर बसून समुद्राचं पाणी बदलत असायचा.

माधव हर्णैच्या बाजूचा, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका लहानशा गावातला. त्याच्या घरी वाऱ्यालाच इतकं मीठ होतं, की पितळेची भांडी आठवड्यात हिरवी पडत आणि दोरीवरचे कपडे वाळले तरी ओलसर वाटत. मी नागपूरची. आमच्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर शिंपडलेल्या पाण्याचा सुगंध हाच काय तो पाण्याचा सोहळा. समुद्र मी प्रथम पाहिला तो लग्नानंतर, सासरच्या मागच्या दारातून, आणि अतिउत्साहाने पुढे गेले तेव्हा एका लाटेने सरळ तोंडावर थप्पड मारली. नाकातोंडात खारं पाणी गेलं, मी थू थू करत मागे पळाले आणि सासरची सगळी मंडळी पोट धरधरून हसली. हसला नाही तो एकटा माधव. त्याने खिशातला रुमाल काढून दिला आणि विचारलं, "चव कशी वाटली?" असला प्रश्न कोणी विचारतं का? पण त्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

अमेरिकेत आल्यावर, आमची मुलगी केतकी पाळण्यात असताना, त्याने तळघरात काचेची ती मोठी टाकी मांडली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, फुलासारखा उमलणारा आणि फुलाहून कितीतरी आळशी असा सी-ॲनिमोन नावाचा एक समुद्रजीव, आणि छिद्राछिद्रांचे खडक, ज्यांच्यावर कालांतराने जांभळट रंग चढत गेला. दर दुसऱ्या शनिवारी त्यातलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं घालायचं, असा त्याचा नेम. गोणीतलं मीठ मापून पाण्यात घालायचं, रात्रभर पंपाने ते घुसळत ठेवायचं आणि सकाळी खारटपणा तपासायचा. तपासण्यासाठी दुर्बिणीसारखं एक उपकरण होतं, पण त्याआधी त्याचं बोट पाण्यात आणि मग जिभेवर जायचं. "अजून खाडीचंच आहे," तो म्हणायचा, किंवा डोळे मिटून, "हं, आता झालं समुद्राचं." मी वरून ओरडायचे, "छी, बाप्पा! तोंड धू आधी!" इतक्या वर्षांत त्याने एकदाही तोंड धुतलं नाही आणि मीही एकदाही ओरडायची राहिले नाही.

प्रश्न असायचा तो काढलेल्या जुन्या पाण्याचा. आपण तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालणारी माणसं, बादल्याच्या बादल्या पाणी वाया कसं घालवणार? पहिल्या वर्षी माधवने ते मोठ्या प्रेमाने मागच्या हिरवळीला घातलं. पंधरा दिवसांत तिथलं गवत करपलं, आणि अंगणाच्या मधोमध उमटलेलं ते पिवळं टक्कल पुढचे दोन उन्हाळे आमची अब्रू चव्हाट्यावर मांडत राहिलं. मग त्याला तळं सुचलं. पण कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या शेजारणीने हात जोडल्यासारखं करून सांगितलं की तळ्यातले बेडूक गोड्या पाण्यातले आहेत, त्यांच्यावर दया करा. रस्त्याकडेची पावसाच्या पाण्याची जाळीही शेवटी त्याच तळ्यात उतरते, हेही तिनेच सांगितलं. एका हिवाळ्यात मी डोकं लढवलं, की मिठाने बर्फ वितळतो, तर हे पाणी पुढच्या पायऱ्यांवर ओतू. माधवने मला शास्त्र समजावलं, की एवढ्याशा मिठाला इथली थंडी दाद देत नाही. मी ऐकलं नाही. सकाळी पायऱ्यांवर काच बसवल्यासारखा गुळगुळीत बर्फ होता आणि माधव दारात हाताची घडी घालून उभा होता. शेवटी जुन्या पाण्याची वाट ठरली ती कपडे धुण्याच्या खोलीतल्या खोल सिंकची, तिथून शहराच्या सांडपाण्याच्या नळात. त्यात कोणाचंच नुकसान नव्हतं.

नुकसान दिसलं ते फक्त सासूबाईंना. केतकी पाच वर्षांची असताना त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. लेक समुद्राचं पाणी मोरीत ओततोय हे पाहून त्या जिन्यातच उभ्या राहिल्या. "माधव, मीठ सांडलं तर देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, आणि तू गटारात ओततोस?" माधवने नत्राची, क्षारांची, पाणी जुनं होण्याची सगळी कारणं सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ओतायचं तर ओत. पण येत्या पौर्णिमेचं पाणी तसं जायचं नाही." ती नारळी पौर्णिमा होती. टाकीत नारळ सोडला तर मासे दगावतील, म्हणून तोडगा निघाला: जुन्या पाण्याची एक बादली भरून बाजूला ठेवायची, तोच समुद्र. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, साबणाच्या खोक्यांच्या सान्निध्यात, त्या खोलीतल्या पांढऱ्याफटक दिव्याखाली सासूबाईंनी बादलीला हळदकुंकू वाहिलं, नारळाला सोनेरी कागद गुंडाळला आणि माधवच्या हाताने तो पाण्यात सोडवला. नारळ हेलकावला, काठावर आपटला आणि स्थिर झाला. मी हसू दाबत होते. पण सासूबाईंनी ज्या गांभीर्याने डोळे मिटले होते त्यापुढे माझं हसू आपोआप ओसरलं.

मग पंचाईत उभी राहिली. समुद्राला दिलेला नारळ देणाऱ्याने परत घ्यायचा नसतो. गावाकडे कोळ्यांची, बामणांची, सगळ्यांची पोरं लाटांत उड्या मारून नारळ पळवतात, तो त्यांचा हक्कच. इथे कोण उडी मारणार? तेवढ्यात केतकीने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, बादलीत हात घातला आणि नारळ छातीशी धरून ओरडली, "इट्स माइन!" सासूबाईंनी तिच्या ओल्या गालांवरून हात फिरवून, बोटं मोडून दृष्ट काढली. त्यानंतर दरवर्षी आमच्या घरी बादलीतली नारळी पौर्णिमा होत राहिली. सासूबाई गेल्या, केतकी कॉलेजात गेली, तरी ऑगस्टात ती घरी असली की हात कोपरापर्यंत भिजवायचीच. मी मात्र नारळीभात करायचे आणि म्हणायचे, तुमचा समुद्र तुम्हांला लखलाभ.

यंदाच्या वसंतात माधवच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. हाताशी वॉकर आला आणि तळघराचा जिना दुसऱ्या देशाइतका दूर गेला. माझे गुडघे असे, की मी एक बादलीही उचलू शकत नाही. काही महिने शेजारच्यांनी, मित्रांनी मदत केली. पण पाळलेला समुद्र असा वाऱ्यावर सोडता येत नाही. केतकी नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला असते. तिने फोनवर हळूच म्हटलं, "बाबा, मे बी इट्स टाइम." माधव नुसता "हं" म्हणाला. ऑगस्टच्या एका लख्ख सकाळी लॉरा नावाची, शाळेत विज्ञान शिकवणारी एक बाई आपल्या वर्गासाठी टाकी न्यायला आली. मासे, ॲनिमोन, खडक, सगळं तिने बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तसं हलक्या हाताने उचललं, आणि आपल्याबरोबर डबे भरभरून जुनं पाणीही घेतलं, कारण नव्या जागी निदान पाणी तरी ओळखीचं हवं, असं ती म्हणाली. माधव वर खुर्चीत बसून होता. खाली टाकी सरकल्याचा आवाज आला तेव्हा त्याने रिमोट उचलला आणि टीव्ही लावलाच नाही.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. विचारलं तर उत्तर द्यायचा, पण आपणहून एक शब्द नाही. ताटातली भाकरी अर्धी तशीच राहायची, व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तो आज नको म्हणून सांगायचा. ज्या टाकीवर मी आयुष्यभर कुरकुर केली तिच्यापायी मला कधी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं. पण त्या दिवसांत मला भीती वाटली, स्पष्ट सांगते. माणूस असा हळूहळू खुर्चीत विरून जातो, हे मी आमच्या ओळखीच्या दोन घरांत पाहिलं होतं.

लॉराच्या डब्यांत न मावलेलं शेवटचं पाणी खाली एका पिंपात उरलं होतं. ते सिंकमध्ये ओतून टाका, असं ती सांगून गेली होती. मी तांब्या घेऊन खाली गेले. टाकीच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता, आणि वास मात्र अजून तिथेच होता, मालक गेल्याचं ठाऊक नसल्यासारखा. पहिला तांब्या सिंकवर धरला आणि माझा हात थांबला. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. सासूबाई त्याच जिन्यात उभ्या राहून बघताहेत असं वाटलं आणि मला एकदम रडू आलं. मग मी तांब्या तांब्याने ते पाणी वर आणलं, मध्ये मध्ये पायरीवर टेकत, दम घेत, सगळी दुपार. स्वयंपाकघरात, जिथे तो वास मी कधी येऊ दिला नव्हता, तिथे जुनी निळी बादली काठोकाठ भरली.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून आणलेला नारळ माधवच्या मांडीवर ठेवला. त्याने बादलीकडे पाहिलं. "माशांशिवाय कसला समुद्र?"

"पूजा समुद्राची असते, माशांची नाही," मी म्हटलं. "तुझ्या आईने सांगितलंय. मी नागपूरची, मला काय कळतं त्यातलं?"

त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. मी नारळाला कुंकू लावलं, बादली त्याच्या पायांशी सरकवली आणि त्याने वाकवेल तेवढं वाकून नारळ सोडला. नारळ हेलकावला, काठावर आपटला. मग आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो, कारण तो काढणारं घरात कोणी नव्हतं. तशीच मी केतकीला व्हिडिओ कॉल केला आणि फोन बादलीवर धरला.

"वेट, दॅट्स माय नारळ!" ती किंचाळली. मग तिचा आवाज थोडा बदलला. "आई, डोन्ट थ्रो इट, ओके? नोबडी टच इट. मी शुक्रवारचं सगळं कॅन्सल करते. आय ॲम कमिंग."

म्हणजे बादली शुक्रवारपर्यंत राहणार होती. रात्री माधवच्या ताटातली भाकरी संपली.

सकाळी मी उठले तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून उन्हाळ्याच्या अखेरीचं तिरपं, मधाच्या रंगाचं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि त्या उन्हात माधव वॉकरला धरून सिंकपाशी उभा होता. न सांगता, न बोलावता उठलेला. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. एक एक पाऊल टाकत तो बादलीपाशी आला आणि त्याने ते पाणी नारळाच्या बाजूने सावकाश आत सोडलं.

"हे काय?"

"पाणी उडतं, मीठ राहतं," तो म्हणाला. "नुसतं ठेवलं तर खारटपणा वाढत जातो. उडेल तेवढं गोडं पाणी घालत राहावं लागतं."

"नळाचंच घातलंस?"

"आता कोण आहे त्यात," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्याने बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं आणि कपाळाला आठी घातली. "गोळ्यांनी चवच गेलीय तोंडाची. काही कळत नाही. तू बघ."

उभ्या संसारात त्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी बोट बुडवलं. पाणी कोमट होतं, उन्हाने आणि स्वयंपाकघराने. बोट जिभेवर ठेवलं आणि मागच्या दाराची ती लाट, तो रुमाल, ते हसू, सगळं एकदम तोंडात आलं. आणि त्यापाठोपाठ मला आपसूक उमगलं, की हे त्या लाटेपेक्षा थोडं जास्त खारट आहे. थोडंच. पण आहे. ही मोजणी माझ्या जिभेत कधी येऊन बसली होती, कोण जाणे.

"अजून अर्धा पेला," मी म्हटलं.

माधवने माझ्याकडे पाहिलं, मग वॉकर वळवला आणि नळाकडे निघाला.