गेल्या माणसाची औषधं

आमच्यात माणूस गेला की त्याचं अंथरूण, चपला आणि उरलेली औषधं घरात ठेवत नाहीत. तेराव्याच्या आत सगळं बाहेर. आमचे हे गेले तेव्हा नुसत्या औषधांचीच पिशवी भरली. छातीचं दुखणं, मग काय, गोळ्या नि बाटल्या.

लालबागची आमची खोली केवढी, तर ओट्याला लागून मोरी. मोठ्या जाऊबाईंनी एक बाटली तिथं उपडी केली, वर तांब्याभर पाणी सोडलं आणि हात जोडले. दुसरीचं झाकण फिरवत होत्या, तेवढ्यात माझ्या मुलीनं त्यांचा हात धरला.

मुलगी सांडपाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिनं काकींना समजावलं की मोरीतलं गटारात जातं, तिथून शुद्धीकरणाला. तिथं गाळ खाली बसतो, जंतू घाण खातात, पण पाण्यात विरघळलेलं औषध बरंचसं तसंच पुढे समुद्रात जातं. ते काढायला वेगळ्या कोळशातून पाणी गाळावं लागतं, नाहीतर ओझोन वायू सोडावा लागतो.

"मग करत का नाहीत?" मी विचारलं.

"आई, आम्हाला ते मोजायलाच सांगितलेलं नाही. काढणार कोण?"

माझं डोकंच फिरलं. मोजायचंच नाही, म्हणजे पाण्यात काही नाहीच! वा रे शहाणे. जाऊबाई मात्र आपल्या जागी ठाम. म्हणाल्या, "गेल्या माणसाची औषधां घरात ठेवूची नसतत गो. त्येचो जीव अडकान रवता."

"अडकू दे," मी म्हटलं. "समुद्रात विरघळण्यापेक्षा बरा."

सुतक फिटल्यावर पिशवी घेऊन निघाले. केमिस्ट म्हणाला, आजी, विकलेला माल परत घेत नाही, कचऱ्यात टाका. मी काय पैसे मागत होते? परळच्या इस्पितळात गेले, तर खिडकीवरची बाई म्हणते, आमच्याकडे फक्त आमच्या वॉर्डातला कचरा जमा होतो, तुम्ही घरी फ्लश करा. फ्लश करा! शिकलेली बाई आणि जाऊबाई, दोघींचं उत्तर एकच. निदान जाऊबाईंनी हात तरी जोडले होते.

बरं, पोटात गेलेली औषधंही शेवटी संडासातूनच जातात, हे मुलीनं सांगितलंय मला. ती काय मी पिशवीत भरणार? ती पाण्यातूनच काढायला हवीत, आणि ते काम माझं नाही. ज्यांचं आहे त्यांना कुणी विचारत नाही, आणि मला मात्र सगळे विचारतात, की पिशवी अजून दाराशी का टांगलीय.

जाऊबाई हल्ली आमच्याकडे चहा घेत नाहीत. नका घेऊ. मी बीपीच्या गोळ्या आणायला जाते तेव्हा पिशवी खिळ्यावरून काढते आणि केमिस्टच्या काउंटरवर मधोमध ठेवते. तो म्हणतो, आजी, परत आणलीत?

"हो," मी सांगते. "तू घेईपर्यंत आणणार."