पाटावर उभं राहून पाणी

या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो. फौजेत इलेक्ट्रिशियन होतो. टेस्टर लावला, दिवा पेटला तर करंट आहे, नाही तर नाही — एवढाच माझा देवधर्म. तरी आज लिहितोय, आणि तेही भीती वाटली म्हणून नाही... लाज वाटते म्हणून.

मी मूळचा वडूजकडचा. पेन्शनीत आल्यावर सांगलीत घर बांधलं आणि कुपवाडला कारखान्यांच्या मागे चार खोल्यांची चाळ काढली, कामगारांना भाड्यानं द्यायला. अंगणात सगळ्यांना मिळून एकच लोखंडी नळ.

चाळ भाड्यानं द्यायची तर आधी नीट अर्थिंग हवं. खड्डा खणायचा, कोळसा-मीठ घालायचं, वरून पाणी ओतत राहायचं, म्हणजे कुठं काही बिघडलं तर करंट जमिनीत जातो. हे मला कुणी शिकवायला नको. फौजेत जनरेटरच्या खड्ड्यात रोज सकाळी बादलीभर पाणी ओतणं ही माझी ड्यूटीच होती. पण स्वतःच्या चाळीच्या वेळी वायरमनला म्हणालो, "खड्डा कशाला खणतोस गड्या? नळाच्या पाइपला वायर बांध. पाइप जमिनीतनंच जातोय की."

पुढं पाइप गळायला लागला, तेव्हा जमिनीतला तुकडा काढून प्लॅस्टिकचा घातला. प्लॅस्टिकमधून करंट जमिनीत उतरत नाही. म्हणजे कुणाच्याही खोलीतला हीटर बिघडला की करंट थेट नळात! हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं लिहायला मला आवडलं असतं. आलं होतं. बघू पुढं, म्हटलं.

दोन नंबरच्या खोलीत सुरेखा, तिचा नवरा आणि चार वर्षांची लेक राहायची. दुष्काळी आटपाडीकडची माणसं. एकदा ती म्हणाली, "काका, नळाला हात लावला की मुंग्या येत्यात वो. वायरिंग बगा की जरा."

"तुमच्या आटपाडीत नळाला पाणी कवा बघितलंस गं? म्हणून हात थरथरतोय," मी चारचौघांत म्हणालो. सगळे हसले. बिचारी तीही हसली. वर माझा सल्ला — "चप्पल घालून भर."

दोन महिने ती सांगत राहिली. शेवटी बायकांनीच तोड काढली. घरातले लाकडी पाट आणून नळापाशी ठेवले आणि त्यावर उभं राहून पाणी भरायला लागल्या. "काय गं, पंगत हाय का आज?" म्हणून मी त्यावरही थट्टा केली. त्यातच चौथी खोली रिकामी झाली. बघायला येणाऱ्या नव्या भाडेकरूला शंका नको म्हणून मी ते पाट आत घ्यायला लावले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी सांगलीत, माझ्या घराच्या व्हरांड्यात चूळ भरत होतो. हातात पितळी तांब्या. आसपास ना वायर, ना नळ... एकदम बोटांत मुंग्या आल्या, कोपरापर्यंत चढल्या आणि मूठ आवळली. करंटनं मूठ कशी आवळते ते मला पक्कं माहीत आहे. हे तेच होतं.

"आवं, सोडा की तांब्या!" बायको धावत आली आणि माझा हात धरून ओढायला लागली. तिला काहीच करंट लागला नाही. माझी मूठ मात्र उघडेना. मग एकाएकी सुटली आणि तांब्या फरशीवर आदळला. डोक्यात एकच शब्द — नळ. तसाच उठलो, स्कूटर काढली.

पोहोचलो तर सुरेखा भिंतीला टेकून बसलेली. उजवा तळहात भाजलेला, चेहरा पांढराफटक. नळाला चिकटली होती. लेक आईकडे धावली, तिला शेजारच्या शांताबाईनं ओढून बाजूला केलं, मग घरात पळत जाऊन पाट आणला आणि त्या पाटानं मारून सुरेखाचा हात सोडवला. पाट नळापाशीच असता तर तेवढाही वेळ गेला नसता. खरं तर काही झालंच नसतं.

मला बघून सुरेखा हळूच म्हणाली, "काका, चप्पल घातली हुती वो मी."

चप्पल ओलीचिंब होती. मी मेन स्विच पाडला आणि तिला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, त्यामुळे कारखान्यातलं पॅकिंगचं काम सुटलं.

त्याच आठवड्यात मी स्वतः खड्डा खणला. शॉक बसताच लाइट तोडणारा स्विचही चाळीला बसवला. माझ्या घरी तो पहिल्या दिवसापासून होता... तांब्याला आणि फरशीला टेस्टर लावून बघितला, डॉक्टरांना हात दाखवला. कुठंच काही नाही.

शांताबाई अख्ख्या गल्लीला सांगते, "आमी फोन बी केला न्हवता, तवर काका हजर! देवमाणूस हाय." मी मान खाली घालून ऐकतो. परवा खड्ड्यात पाणी ओतत होतो, तेव्हा सुरेखानंही विचारलं, "तुमाला कसं कळलं वो, काका?"

"असंच आलो होतो," म्हणालो. हेही खोटंच.

त्या सकाळी मला कसं कळलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. त्याआधी दोन महिने ती तोंडानं सांगत होती, ते का कळलं नाही, याचं आहे.