सभापतींचा लॅपटॉप

फ्लेक्सच्या दुकानात शाई कमी आणि किस्से जास्त सांडतात! केजमधल्या आमच्या दुकानात तर एका जुन्या लॅपटॉपनेच इतके किस्से घडवले, की आता गिऱ्हाईक आधी ते ऐकतं आणि मग ऑर्डर देतं. दुकान अण्णांचं, डिझाईन शैलाताईंचं. फ्लेक्सवरची नावं तपासायचं काम माझं.

*

खंडेनवमीला अण्णांनी लॅपटॉपची पूजा केली. नुसतं बोट टेकवायचं सोडून कीबोर्डवर मूठभर कुंकू वाहिलं! दुसऱ्या दिवसापासून शैलाताईंची बोटं लालभडक.

एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "मेंदी लई रंगली की! सासूचा जीव दिसतोय तुमच्यावर."

"सासूचा न्हाई हो, अण्णांचा लॅपटॉपवर!"

*

पुढे नवा कॉम्प्युटर आला. जुन्याचं काय करायचं? भांडीवाला म्हणाला, "एक पातेलं देतो."

अण्णा भडकले. "पातेल्यावर डिझाईन होतं का बे?"

"मग याच्यावर तरी कुठं होतंय?"

*

शैलाताईंची प्रीती बीडला मामाकडे राहून कॉलेज करते. प्रोजेक्टसाठी मैत्रिणीचा लॅपटॉप मागून मागून पोरगी कंटाळली होती.

"अण्णा, हा पडूनच हाय. माझ्या पोरीला द्या की."

"बघू," अण्णा म्हणाले. लॅपटॉप लई तापायचा, म्हणून त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला होता. "मग माझा चहा कशावर गरम ऱ्हाईल?"

*

खरी अडचण होती माजी सभापतींची. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांना दरवर्षी तोच काळ्या केसांचा फोटो लागतो. नव्या कॉम्प्युटरवर आम्ही तोच फोटो लावला, तर म्हणाले, "ह्यात मी म्हातारा दिसायलोय!"

"फोटो तोच हाय, साहेब," मी म्हणालो.

"फोटोचं नका सांगू. जुन्या लॅपटॉपवर करा. त्याचा हात बसलाय माझ्या चेहऱ्यावर!"

अण्णांनी निकाल दिला, "सभापती हायेत तोवर लॅपटॉप दुकानातच." शैलाताईंचा चेहरा पडला.

*

पण बाई हुशार! सभापती समोर असेपर्यंत जुना लॅपटॉप उघडून बसल्या आणि ते जाताच सगळं काम नव्यावर केलं. चौकात फ्लेक्स लागला. सभापती स्वतः पेढे घेऊन आले.

"बगा! म्हणलं नव्हतं? धा वर्षं कमी झाली!"

ते गेल्यावर अण्णा पोट धरून हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी नारळ ठेवून लॅपटॉप शैलाताईंच्या हातात दिला. "घ्या. चहा आता थर्मासमध्ये ठेवतो."

*

महिन्याभराने सभापतींनी विचारलं, "आपला लॅपटॉप दिसंना?"

अण्णांनी खरं ते सांगून टाकलं. "शैलाताईंच्या पोरीला दिला. बीडला मामाकडं असती."

सभापती मामाचा पत्ता तेवढा विचारून गेले.

रविवारी शैलाताईंचा फोन वाजला. प्रीती हळू आवाजात बोलत होती.

"आई, सभापती आलेत. त्यांच्या घरच्या काकू पण सोबत हायेत, लग्नातला शालू नेसून. त्या म्हणतेत, यांचं लई झालं, आज आधी माझा फोटो!"