सरूताईच्या मशीनचे साक्षीदार

आमच्या क्वार्टरांच्या ओळीत नळ एकच. त्यामुळे किस्से फुकटात साठायचे. बादली भरेपर्यंत एक ऐकायचा, एक सांगायचा! लढाईच्या दिवसांत पुरुष फॅक्टरीत डबल शिफ्ट करायचे आणि दिवसभर ओळीत आम्हा बायांचंच राज्य. तेव्हा आम्ही तिघी एकदा साक्ष द्यायला कोर्टात गेलो होतो. त्या दिवसाचे किस्से मी लग्नाकार्यांत खूप सांगितलेत आणि लोकांना खूप हसवलंय. शेवटचे मात्र दरवेळी गाळले.

*

सरूताई शेवटच्या क्वार्टरात भावाकडे राहायची. विधवा, मूलबाळ नाही. भावजय पोळी वाढताना तिच्या ताटाकडे बघायची, म्हणून तिला स्वतःचं शिलाई मशीन हवं होतं. मिलिटरीच्या शर्टांचं काम तेव्हा घरबसल्या मिळायचं. गढा मोहल्ल्यातल्या एका सावकार लालाकडून तिने शंभर रुपये उचलले.

लालाने आम्हा तिघींसमोर पैसे दिले, तिने कागदावरच्या सरकारी तिकिटावर अंगठा लावला. कागदावर आकडा नव्हता. "वो मैं घर जाके भर लूँगा," लाला म्हणाला.

"किती गरीब माणूस वो!" मी मथुराकाकूंना म्हणाले. "चहासुद्धा लाजत लाजत घेतो!"

वर्षाने दावा आला. तीनशेचा!

*

साक्षीच्या आदल्या दिवशी आमच्या यजमानांनी जेवताना माझी तयारी करून घेतली.

"समजा मी वकील. बोला बाई, लाला आला तेव्हा तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

"तुमची वाट पाहून राहिली होती."

"असं कोर्टात सांगू नको!"

"काहून? शपथेवर खरंच सांगायचं असते ना?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. यजमानांनी भात मागितला.

*

कोर्टात पहिल्या मथुराकाकू. आमच्या ओळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. लालाचा वकील उठला, "हुजूर, बुढ़िया की याददाश्त ठिकाने नहीं है. इसकी गवाही कैसे चलेगी?"

जज्जसाहेबांनी विचारलं, "माँजी, आज कौन सा दिन है?"

"राशन का!" काकू म्हणाल्या. "और तुम्हारे मारे हमारी शक्कर गई!"

जज्जसाहेब हसले. साक्ष चालली.

*

मग शांता. ओळीतली सगळ्यांत नवी सून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. वकिलाने लहान पोरीला विचारावं तसं विचारलं, "कसम का मतलब समझती हो? झूठ बोलने से क्या होता है?"

शांताने पदराआडून लालाकडे पाहिलं.

"इनको तो कुछ नहीं हुआ!"

शिपाईसुद्धा हसला. माझी साक्ष त्या हसण्यातच उरकली, मला कुणी अडवलंच नाही.

*

मग लालाचा भाचा आला. म्हणाला, "मैं वहीं खाट पे बैठा था. तीन सौ मैंने अपने हाथ से गिने."

मागून सरूताई ओरडली, "खाट? अहो, माझ्याजवळ खाट ठेवाले जागा असती तर मी मशीनच्या बाजूले जमिनीवर काहून निजली असती?"

जज्जसाहेब तिच्यावर रागावले, पण भाच्याचं तोंड उतरलेलं त्यांनीही पाहिलं. शांता माझ्या कानात म्हणाली, "जाताना जिलबी घेऊ!"

*

इथवरच मी सांगत आले. पुढचं असं झालं, की लालाच्या वकिलाने पिशवीतून पितळेचा लोटा काढला आणि मेजावर ठेवला.

"हुजूर, नर्मदाजी का जल है. इन तीनों में से कोई एक भी इसे हाथ में लेकर सौ कह दे, हम दावा छोड़ते हैं."

आमच्याकडे लोक कोर्टाची शपथ कितीही घेतील, पण नर्मदेचं पाणी उचलत नाहीत. खरं बोलायलासुद्धा नाही. घराला लागतं म्हणतात. लाला इथलाच, त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

सरूताई धावत पुढे आली, "द्या, मी उचलते!"

"तुम नहीं," वकील म्हणाला. "गवाह."

मथुराकाकू म्हणाल्या, "माझा नातू लहान आहे."

शांता म्हणाली, "मले दिवस गेले आहेत."

मी म्हणाले, "सासूबाईंना विचारून सांगते."

कोर्ट पुन्हा हसलं. सकाळपासून हसत होतं तसंच! त्या हसण्याने माझी कानशिलं अजून तापतात. आणि खरं सांगू? नर्मदेपेक्षा आम्हाला लालाची भीती होती. आमच्याही घरचे कागद त्याच्या पेटीत होते, त्यांच्यावरही आकडे नव्हते. नर्मदेला आम्ही नुसतं पुढे केलं. घरी सासूबाईंना मी विचारलंसुद्धा नाही.

निकाल लालाच्या बाजूने लागला. सरूताईचं मशीन त्याची माणसं हातगाडीवर घालून घेऊन गेली. आम्ही तिघी आपापल्या दाराआडून पाहत होतो.

*

पुढच्या नर्मदा जयंतीला सगळी ओळ नदीवर ग्वारीघाटला गेली. सरूताईही आली. ती आता भावजयीच्या हाताखाली स्वयंपाक करायची आणि दुसऱ्यांच्या शर्टांना हाताने काजं करून द्यायची. आमच्याशी नळावर बोलायची, पण कोर्टाचं नाव कधी काढलं नाही.

दिवे सोडून झाले. बाया ओंजळीने अर्घ्य देऊ लागल्या. मथुराकाकू पायरीवर नुसत्या बसून राहिल्या, शांता बाळाचं टोपडं नीट करत राहिली, आणि मी हात पदरात गुंडाळून उभी. सरूताई तिथेच होती ना!

तिने आमच्याकडे पाहिलं. मग गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळ भरली आणि ती सांभाळत माझ्यासमोर आली. माझे हात आपसूक पुढे झाले. तिने ते पाणी माझ्या ओंजळीत सोडलं.

"घे वो," ती म्हणाली. "आता कोणी काही विचारून नाही राहिलं."